स्थलांतरित स्त्रिया आणि कौटुंबिक हिंसाचार (महाराष्ट्र)

स्थलांतरित स्त्रिया आणि कौटुंबिक हिंसाचार या विषयात विवाह, हंगामी मजुरी, नोकरीतील बदली किंवा परदेशगमन यांमुळे मूळ गाव, भाषा आणि नातेवाईक यांच्यापासून दूर राहणाऱ्या स्त्रियांवर घरात होणारा हिंसाचार आणि त्यांना मिळणारे कायदेशीर व सामाजिक साहाय्य यांचा विचार केला जातो. हिंसाचाराचे प्रकार स्थायिक कुटुंबांत दिसतात तेच येथेही असतात: मारहाण, उपासमार, पैसे काढून घेणे, लैंगिक जबरदस्ती, टोचून बोलणे, माहेरी पाठवण्याची धमकी. फरक पडतो तो मदत मागण्याच्या वाटेत. तक्रार कोणत्या गावी करायची, कोणत्या भाषेत सांगायची आणि तक्रार केल्यावर त्या रात्री झोपायचे कुठे, हे तीन प्रश्न स्थलांतरित स्त्रीपुढे एकाच वेळी उभे राहतात. महाराष्ट्रातील कायदा आणि साहाय्यव्यवस्था यांपैकी पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर देते. उरलेल्या दोन प्रश्नांवर ती अजून कमी पडते.

स्थलांतराचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार अन्य राज्यांतून येणाऱ्या स्थलांतरितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात होती. देशातील एकूण स्थलांतरितांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे आणि स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे आहे. स्थलांतरित म्हटले की डोळ्यांपुढे रेल्वेने आलेला पुरुष मजूर येतो. पण सासरी नांदायला गेलेली प्रत्येक स्त्री जनगणनेच्या हिशेबात स्थलांतरितच असते, आणि तिच्या बाबतीत घर सोडण्याचे कारण व हिंसेचे ठिकाण बहुधा एकच असते.

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव हे देवळी तालुक्यातील गाव या संमिश्र स्थलांतराचा लहानसा नमुना म्हणून पाहता येते. गाव पुलगाव शहराला लागून आहे. पुलगाव मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर असून तेथे भारतीय सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. कापड गिरणीमुळेही या शहरात एकेकाळी बाहेरून मजूर आले. भांडारामुळे वेगवेगळ्या राज्यांतील जवान आणि त्यांची कुटुंबे या भागात राहतात. विदर्भातील वीटभट्ट्यांवर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील मजूर जोडप्याने येतात. शिवाय वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि नदीकाठाने खाली गेले की यवतमाळ जिल्हा. अशा ठिकाणी सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर होतात. एखाद्या मुलीचे माहेर वर्धा जिल्ह्यात आणि सासर धामणगाव रेल्वेकडे असेल तर अंतर थोडेच, पण पोलीस ठाणे, न्यायालय आणि संरक्षण अधिकारी हे सारे बदलते.

तक्रार कोणत्या गावी

१९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ समाविष्ट करण्यात आले आणि पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. फौजदारी कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात खटला चालावा. यामुळे सासरहून हाकलून दिलेली आणि शेकडो किलोमीटर दूर माहेरी आलेली स्त्री अडचणीत येत असे. तक्रार नोंदवायची तर जिथून जीव वाचवून आली तिथेच परत जावे लागे. माहेरच्या ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळे.

रूपाली देवी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ९ एप्रिल २०१९ रोजी हा प्रश्न निकाली काढला. पत्नीने सासर सोडल्यानंतर किंवा तिला तेथून घालवून दिल्यानंतर ती जेथे आश्रय घेते तेथील न्यायालयातही कलम ४९८-अ खालील तक्रार चालू शकते, असे न्यायालयाने सांगितले. यामागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. क्रूरतेत मानसिक क्रूरतेचाही समावेश होतो, आणि मनावर झालेला आघात सासरचा उंबरठा ओलांडल्याने संपत नाही. तो माहेरीही चालूच राहतो, म्हणून गुन्ह्याचा परिणाम तेथेही घडतो.

दिवाणी स्वरूपाच्या संरक्षणासाठी कायद्याने ही सोय आधीच केलेली होती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २७ नुसार पीडित स्त्री कायमची किंवा तात्पुरती जेथे राहते, जेथे काम करते, प्रतिवादी जेथे राहतो किंवा काम करतो, अथवा जेथे घटना घडली, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ‘तात्पुरती’ हा एक शब्द वीटभट्टीवरच्या किंवा ऊसफडातल्या स्त्रीसाठी फार मोलाचा आहे. तिच्याकडे त्या गावचा रहिवासी दाखला नसतो, मतदार यादीत नाव नसते. याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की या कायद्याखालील आदेश संपूर्ण भारतात अंमलबजावणीयोग्य असेल. म्हणजे वर्धा जिल्ह्यातील न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश नवरा छत्तीसगडला परत गेला तरी गळून पडत नाही.

गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी माहिती नोंदवून घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवण्याची पद्धत ‘झिरो एफआयआर’ या नावाने ओळखली जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तिला स्पष्ट वैधानिक आधार दिला आहे.

हा कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. विवाहित पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी आणि विवाहासारख्या संबंधात राहणारी स्त्री यांनाही तो लागू होतो. स्थलांतरितांच्या वस्त्यांत कागदोपत्री विवाह न झालेली जोडपी आढळतात, त्यामुळे ही शेवटची तरतूद तेथे उपयोगी पडते.

घर आणि मजुरी

कायद्यातील ‘सामायिक घर’ ही संकल्पना स्थलांतरितांच्या दृष्टीने अनेक वर्षे अपुरी होती. २००६ च्या बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ पतीच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा एकत्र कुटुंबाचे घर इतका मर्यादित केला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालाने तो अर्थ रद्द केला. स्त्री जेथे कौटुंबिक नात्याने राहते किंवा राहिली आहे ते घर कोणाच्या नावावर आहे, हा मुद्दा आता निर्णायक राहिलेला नाही. मात्र केवळ काही दिवसांच्या मुक्कामाने कोणतेही घर सामायिक ठरत नाही. तेथे स्थिरपणे राहण्याचा हेतू दिसावा लागतो, हेही न्यायालयाने नमूद केले. हंगामापुरत्या झोपडीवर निवासाचा हक्क सांगणे म्हणूनच कठीण जाते. अशा वेळी कलम १९ मधील दुसरा पर्याय व्यवहार्य ठरतो: प्रतिवादीने तिच्यासाठी तशाच दर्जाची दुसरी जागा द्यावी किंवा तिचे भाडे भरावे.

पोटगीचा प्रश्न घराइतकाच बिकट आहे. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयापासून सुरू झाले. त्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी असे सांगितले. पगारदार पतीच्या बाबतीत हे सोपे आहे. रोख उचल घेऊन काम करणाऱ्याचे उत्पन्न सिद्ध करणे मात्र अवघड असते. येथे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० चा फारसा न वापरला जाणारा भाग आठवणीत ठेवावा. न्यायदंडाधिकारी पतीच्या मालकाला किंवा त्याचे देणे लागणाऱ्याला मजुरीचा काही भाग थेट स्त्रीला देण्याचा आदेश देऊ शकतात. सैन्यातील व्यक्तींसाठी वेगळी वाट आहे. सैन्य अधिनियम, १९५० मध्ये पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठी वेतनातून रक्कम कापून देण्याची तरतूद असून पत्नी त्यासाठी सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. पुलगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांना ही माहिती असणे महत्त्वाचे ठरते.

ऊसतोडीतील ‘कोयता’

राज्यांतर्गत स्थलांतराचे सर्वांत बोलके उदाहरण मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परततात. या व्यवसायात मजुरीचे एकक व्यक्ती हे नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादम उचल देतो ती जोडीला. ती घेतो मात्र बहुतेक वेळा नवरा. हंगामभर जोडी ती उचल फेडत राहते.

या पद्धतीचा कौटुंबिक हिंसाचाराशी थेट संबंध आहे. मारहाणीला कंटाळून स्त्री फड सोडून निघाली तर कोयता मोडतो. उचल अंगावर राहते आणि तिच्या वसुलीसाठी मुकादमाचा तगादा तिच्या माहेरापर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे विवाह मोडणे हा येथे कराराचा भंगही ठरतो. तिच्या श्रमाचा मोबदला तिच्या हाती येत नाही, हिशेबाच्या वहीत तिचे वेगळे नाव नसते. पाचटाच्या कोपीला दार नसते, कडी नसते. संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय तालुक्याच्या ठिकाणी, आणि टोळी दर काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या फडात. जोडी लागते म्हणून मुलींची लग्ने लवकर लावली जातात, हेही या पद्धतीचे एक फलित आहे.

२०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. त्याच्या चौकशीसाठी शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानिमित्ताने ऊसतोड कामगार स्त्रीकडे ‘जोडीतील अर्धा भाग’ याऐवजी स्वतंत्र कामगार म्हणून पाहिले जावे, ही मागणी व्यापक चर्चेत आली. मजुरी स्वतःच्या बँक खात्यात येणे ही बाब वरवर आर्थिक वाटते, परंतु घर सोडण्याचा निर्णय बहुधा तिच्यावरच अवलंबून असतो.

साहाय्य करणाऱ्या यंत्रणा

पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ती बसवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात इतर राज्यांच्या कितीतरी आधी झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने तो उचलून धरला आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत उघडले गेले. स्थलांतरित स्त्रीसाठी या रचनेचा लाभ असा की तिला पोलिसांपर्यंत जाण्याआधी किंवा जाताना बरोबर कोणीतरी माणूस मिळते. आरोग्यव्यवस्थेत हेच काम ‘दिलासा’ या केंद्राने केले. सेहत ही संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ते सुरू केले. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी स्त्री जखमेवर पट्टी बांधायला दवाखान्यात येतेच, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते.

२०१५ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून जिल्हा पातळीवर ‘सखी’ वन स्टॉप सेंटर चालवली जातात. वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायदेविषयक सल्ला आणि पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा एका छताखाली मिळावा, अशी त्यांची कल्पना आहे. दीर्घ मुक्कामासाठी ‘शक्ती सदन’ ही निवारागृहे आहेत. पूर्वीच्या स्वाधार व उज्ज्वला या योजना त्यांत एकत्र झाल्या आहेत. १८१ ही महिला हेल्पलाइन असून तातडीच्या प्रसंगी ११२ वर संपर्क साधता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी ती स्त्री त्या जिल्ह्याची रहिवासी असण्याची गरज नाही.

हिंसाचाराची माहिती कोणीही देऊ शकते. शेजारीण, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, भट्टीमालकाचा मुनीमसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. परमुलखातील स्त्रीच्या बाबतीत हे कलम विशेष कामाचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी देशभरात जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले. मदत मागणाऱ्यांनीही ती मुख्यतः माहेरच्या माणसांकडे मागितली. ज्यांचे माहेरच दोन दिवसांच्या प्रवासावर आहे त्यांच्याकडे हाही आधार नसतो.

भाषा आणि कागदपत्रे

महाराष्ट्रातील तालुका न्यायालयांचे व पोलीस ठाण्यांचे कामकाज प्रामुख्याने मराठीतून चालते. छत्तीसगडी, गोंडी, कोरकू, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या स्त्रीचे म्हणणे लिहून घेताना बऱ्याचदा दुभाषी म्हणून नवऱ्याचा भाऊ, मुकादम किंवा स्वतःचे शाळकरी मूल पुढे केले जाते. पहिल्या दोघांचे हितसंबंध उघड आहेत. मुलाला आईवरील लैंगिक जबरदस्तीचे शब्द भाषांतरित करायला लावणे हा त्या मुलावरच अन्याय आहे. नातेसंबंधात नसलेली, शक्यतो स्त्री दुभाषी मिळवणे आणि नसल्यास दूरध्वनीवरून १८१ सारख्या सेवेच्या साहाय्याने संवाद साधणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय. भाषा एकच असली तरी अर्थ निसटतो. वऱ्हाडी बोलणारी स्त्री ‘तो मले लय तरास देते’ एवढेच म्हणते; त्या ‘तरास’मध्ये काय काय सामावले आहे हे धीराने विचारल्याशिवाय कौटुंबिक घटना अहवालाच्या रकान्यांत उतरत नाही. २००६ च्या नियमांप्रमाणे स्त्री निरक्षर असल्यास संरक्षण अधिकाऱ्याने अर्ज वाचून दाखवून समजावून सांगणे बंधनकारक आहे. न समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवल्याने हे बंधन पाळले गेले असे म्हणता येणार नाही.

कागदपत्रांची अडचण याहून साधी आणि याहून हट्टी आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत वडील सज्ञान स्त्रीचे नाव असते. प्रत्यक्षात ती स्त्री बहुधा सासू असते आणि पत्रिका मूळ गावी पेटीत असते. आधार पत्र, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले नवऱ्याच्या ताब्यात असतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या वस्तू व कागदपत्रे परत करण्याचा आदेश देऊ शकतात; अर्जात ही मागणी स्पष्टपणे लिहिलेली असावी लागते.

गावकी, जातपंचायत आणि तडजोड

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली. गावपातळीवर भांडणे मिटवण्याच्या या उपक्रमाने अनेक बांधांचे वाद सुटले. कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत मात्र ‘मिटले’ या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. समितीतील माणसे गावची, ओळखीची आणि बहुसंख्येने पुरुष. बाहेरून लग्न होऊन आलेल्या किंवा भट्टीवर राहणाऱ्या स्त्रीच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नसते. तडजोडीच्या कागदावर तिचा अंगठा उमटतो आणि ती त्याच घरात परत पाठवली जाते. मारहाण सुरू असताना झालेली तडजोड दोन समान पक्षांमधील करार मानता येत नाही.

काही भटक्या समाजांत सोडचिठ्ठी, दंड आणि पुन्हा नांदवणे यांचे निर्णय जातपंचायत देत असे. पोलिसांकडे जाणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकले जाई. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. २०१६ चा हा अधिनियम राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये लागू झाला. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही समाजापासून तुटण्याची भीती कायद्याने नाहीशी होत नाही. फिरत्या समुदायातील स्त्रीला समाज हेच गाव असते. त्यामुळे साहाय्य करणाऱ्याने ‘समाज सोड’ असा सल्ला देण्यापूर्वी तिच्या विश्वासातील समाजातीलच एखादी व्यक्ती शोधणे बहुधा अधिक उपयोगी ठरते.

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी लागू आहे. बंदी असूनही चोरटी दारू मिळते, आणि तिच्याविरुद्ध गावोगावच्या स्त्रिया संघटित झाल्या आहेत. दारू हे हिंसाचाराचे निमित्त असते, कारण असतेच असे नाही. न पिणारे नवरेही मारतात. परंतु ज्या गावात स्त्रिया दारूभट्टी बंद पाडायला एकत्र येतात तेथे परक्या स्त्रीला रात्री ठोठावता येईल असे एखादे दार अधिक सहजपणे सापडते.

परदेशातील मराठी कुटुंबे

विवाहानंतर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत गेलेल्या मराठी स्त्रियांपुढे हेच तीन प्रश्न असतात. त्यात व्हिसाची भर पडते. पतीच्या नोकरीवर अवलंबून असलेला व्हिसा ही धमकी देण्याची सोपी गोष्ट ठरते. या अनुभवातून दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या: लंडनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स (१९७९), न्यू जर्सीमध्ये मानवी (१९८५) आणि न्यू यॉर्कमध्ये सखी (१९८९). अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या पतीच्या छळाला बळी पडलेल्या पत्नीला त्याच्या मदतीशिवाय स्वतः वास्तव्याचा अर्ज करण्याची मुभा दिली. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या पत्नींना मात्र ती मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१८ साली हुंड्यासाठीचा छळ कौटुंबिक हिंसेच्या उदाहरणांत नोंदवला. भाषा, समाज आणि कायदा यांची एकत्र जाण ठेवणारी बहुभाषिक सेवाकेंद्रे हे त्या देशांतील कामाचे वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्रात येणाऱ्या परप्रांतीय स्त्रियांसाठी तशी केंद्रे तुरळक आहेत.

पत्नीला भारतात सोडून परदेशी निघून जाणे किंवा तेथे एकतर्फी घटस्फोट मिळवणे हा या विषयाचा दुसरा पैलू होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणात परदेशी घटस्फोट भारतात केव्हा मान्य होईल याचे निकष घालून दिले, तर नीरजा सराफ विरुद्ध जयंत सराफ (१९९४) या निकालात अशा स्त्रियांच्या संरक्षणासाठी कायदा करण्याची शिफारस केली. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले. दरम्यान, राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष अशा तक्रारी स्वीकारतो आणि भारतीय दूतावासांमार्फत स्त्रियांना तेथील वकील व समुपदेशनासाठी मर्यादित अर्थसाहाय्य मिळू शकते. पती परदेशात असला तरी पत्नी माहेरच्या गावातील न्यायालयात कलम २७ खाली अर्ज करू शकते. नोटीस बजावण्यास वेळ लागतो, पण अंतरिम आदेशासाठी कलम २३ नुसार तिच्या प्रतिज्ञापत्रावरही सुनावणी होऊ शकते.